आईनं मोजलेली लेकरं

यवतमाळ,
९ जानेवारी २०२५

प्रिय प्रियंका,

सप्रेम जयभीम. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. इकडे सगळे ठीक. आईचा खोकला कमी झाला का? दारव्ह्याला थंडी जास्त, तिला पहाटे ओट्यावर बसू देऊ नकोस. तुला कळतंच म्हणा.

आईच्या स्मरणशक्तीच्या तपासणीचा अहवाल कोर्टात गेला, तुझ्या वकिलांनी दाखवला असेलच. घर तुझ्या नावे करताना आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं, हा दावा माझा, आणि अहवाल माझ्या बाजूनं आलाय. मी पेढे वाटायला हवे होते. आणलेच नाहीत.

तपासणीच्या दिवशी तुझ्या शाळेत परीक्षा होती आणि तू आईला माझ्यासोबत पाठवलंस. एवढा विश्वास टाकायला नको होतास. तपासणाऱ्या मॅडम तरुण, बोलायला गोड. आईनं बरीचशी उत्तरं बरोबर दिली. पाच शब्द लक्षात ठेवायचे होते, तिनं चार सांगितले. मला तीनच आठवले. मग मॅडमनी विचारलं, मुलं किती? आई म्हणाली, "तीन."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "दोन."

खोटं नव्हतं ते, असं मी महिनाभर स्वतःला बजावतोय. पण आपला मधला राजदीप तापानं गेला त्याला चाळीस वर्षं झाली, तरी आई सगळ्यांना तीनच सांगते, अगदी जनगणनेवाल्यालाही, हे मला ठाऊक होतं. एक वारला, एवढंच मी म्हणायला हवं होतं. मी गप्प बसलो. मग पुढच्या एकाही प्रश्नाला आईनं उत्तर दिलं नाही. अहवालात लिहिलंय, स्वतःची अपत्यं किती हेही सांगता येत नाही.

परतताना जीपमध्ये ती म्हणाली, "मले येडी ठरवाचं असंन तं ठरव. पण राजदीपले काहून खोडलं?"

काल मॅडमना भेटून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आता कोर्टातच सांगा. येत्या तारखेला सांगणार आहे. दावा बुडाला तर बुडू दे. तिचं सगळं तू केलंस, घर तुझंच. आईला कोर्टात कुणी वेडी म्हणू नये, एवढंच मला हवंय. हे पत्र तिला वाचून दाखव. माफ कर असं लिहायला हात धजत नाही.

तिघांतला थोरला,
अतुल