काडीचा पिवळा ड्रेस

ती. मावशीस,

काडीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग तूर्त लेखीच समज. खरोखर घालायला गेले तर एक शिवण जाईल, आणि ती कशाची हे पुढे येईलच.) इकडे सगळे खुशाल. ह्यांचा खोकला एकदाचा गेला, जाताना माझी झोप परत देऊन गेला. तुझे गुडघे काय म्हणतात? मशीनला पाय लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावल्याला वर्ष झालं, म्हणजे तू अजून लावतच असशील. डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? सुई ओवायला शेजारणीला हाक मारतेस, की अजून दोऱ्याचं टोक ओठात धरून हट्टाने बसतेस? एवढ्या चौकशा मी एरवी करत नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ‘हिने काहीतरी करून ठेवलंय’ असं म्हणून तू चष्मा पुसायलाही घेतला असशील. करून ठेवलंय. मावशी, मी तुझ्या घरात चोरी केली आहे. पुढचं बसून वाच.

गेल्या महिन्यात मी आले होते आणि तू चहा टाकायला आत गेलीस, तेव्हा मशीनमागच्या खिळ्यावरून मी माझ्या मापाचं पेपर कटिंग काढलं आणि पिशवीत घातलं. तेच, खाकी कागदाचं, ज्यावर तुझ्या अक्षरात ‘काडी’ लिहिलंय. (एका बाजूला ‘बँकवाली’ आणि दुसऱ्या बाजूला ‘डॉक्टरची बायको’ लटकत होत्या, त्यांना हात लावलेला नाही. ‘बँकवाली’ जरा फाटली आहे, ते माझ्याकडे लावू नकोस, ती आधीपासूनच फाटलेली होती.) मागितलं असतं तर तू दिलं असतंस, हे मला कळतं. पण मग ‘कशाला हवंय?’ असं विचारलं असतंस, आणि त्याचं उत्तर द्यायची माझी छाती नव्हती. कारण मला एक ड्रेस शिवायचा होता. स्वतः, स्वतःसाठी. कमरेत बसणारा, गुडघ्यापर्यंतचा, बिनबाह्यांचा. आणि पिवळा.

तू म्हणशील, हिला हे कुठून सुचलं? ऐक. बावीस वर्षं मी बस स्टँडवरच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगते. अख्ख्या गावाला माझा आवाज पाठ आहे आणि त्या आवाजावरून लोकांनी परस्पर माझं एक चित्र काढून ठेवलंय. त्या चित्रातली बाई उंच, शेलाटी आहे आणि तिला हनुवटी एकच आहे. मध्ये एक प्रवासी मुद्दाम खोलीपर्यंत आला, दारातून मला नीट पाहिलं, आणि विचारलं, ‘त्या बाई कुठं गेल्या?’ मी म्हटलं, ‘जेवायला.’ तो बिचारा बाकावर तासभर वाट पाहत बसला, आणि मी त्याची गाडी सुटायची वेळ झाल्याचं तोंडावर रुमाल धरून, जाड्या आवाजात सांगितलं. हसू नकोस. (बरं, हस. मी स्वतः तो प्रसंग दहा जणांना हसवून सांगितलाय. घरी येऊन मात्र जेवले नव्हते.)

तर आमच्या डेपोला यंदा पन्नास वर्षं झाली. शनिवारी सभागृहात मोठा कार्यक्रम आहे आणि सूत्रसंचालन अर्थातच मी करायचं. अर्थातच म्हणजे कसं, ते डेपो मॅनेजरांनी मला खुर्चीत बसवून, पाणी देऊन, फार मायेने समजावलं. आवाज माझा. मी पडद्याच्या आड बसायचं, आरामात, पंख्याखाली. आणि माईकपाशी उभी राहून ओठ हलवायला तिकीट खिडकीवरची ती नवीन मुलगी. माणूस वाईट नाही गं, त्यांना खरोखर वाटत होतं की ते माझी सोय बघताहेत. मी त्यांना तिथल्या तिथे बाणेदारपणे सांगितलं, ‘साहेब, आवाज माझा असेल तर उभीही मीच राहीन.’ असं बोलल्यावर मग कपाट उघडलं. आत तू शिवलेले अकरा ड्रेस. चार काळे, पाच गडद निळे, दोन तपकिरी. सगळे ढगळ. स्टेजवरच्या काळ्या पडद्यासमोर यातलं काहीही घालून उभी राहिले असते, तर लोकांना नुसतं डोकं दिसलं असतं.

कापडाच्या दुकानात गेले. तो दुकानदार मला पाहिलं की न विचारताच गडद रंगांच्या फळीकडे वळतो. मी म्हटलं, तो पिवळा दाखवा. त्याने गठ्ठा काढला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘पडद्याला का?’ मावशी, डेपो मॅनेजरसमोर जी सिंहीण होती तिची इथे शेळी झाली. मी ‘हो’ म्हटलं. ‘खिडक्या किती?’ ‘एकच. मोठी आहे.’ त्याने एका मोठ्या खिडकीच्या हिशेबाने कापड फाडून दिलं आणि वर पडद्याच्या कड्या हव्यात का असंही विचारलं. मी कड्याही घेतल्या. त्या कुणाला हव्या असतील तर सांग.

आता माझ्या शिवणकामाची तुला कल्पना आहेच. आजवर मी फक्त चौकोनी वस्तू शिवल्या. उशीचे अभ्रे, पिशव्या, टेबलक्लॉथ. सरळ रेषेत मशीन पळवायचं म्हटलं तर मी कुणाला हार जाणार नाही, पण गळा, मुंढा, कमरेचे टक्स, जिथे जिथे म्हणून माणूस वळतो तिथे तिथे माझी घाबरगुंडी. मात्र एका बाबतीत मी निर्धास्त होते. तुझं कटिंग. माझी एक समजूत होती (आता सांगायला लाज वाटते, पण आज सगळंच सांगायचं ठरवलंय) की विसाव्या वर्षापासून माझं माप बदललेलंच नाही. अगं, बदलेल कसं? तू मला शेवटची टेप लावलीस ती लग्नाआधी. त्यानंतर दर वर्षी तू न मोजता कपडे पाठवतेस आणि ते दर वर्षी बरोब्बर होतात. मी ही गोष्ट मैत्रिणींना सांगते. वजनकाटे बिघडलेले असतात, फोटोत माणूस फुगतं, पण मावशीचं कटिंग खोटं बोलत नाही, असं म्हणायची मी. त्या बायका एकमेकींकडे का बघायच्या ते आत्ता समजलं.

कागद टेबलावर पसरला तर तो दोन्ही अंगांनी ठिगळांनी भरलेला. पट्टीवर पट्टी चिकटवलेली, कुठे वर्तमानपत्राची, कुठे कॅलेंडरच्या पानाची, एक तर लग्नपत्रिकेची. मला वाटलं, बिचारीचा कागद जुना झाला, कडा फाटल्या म्हणून सांधल्या असतील. म्हटलं, आणलंच आहे तर स्वच्छ करून परत देऊ. बसले आणि सगळ्या पट्ट्या एकेक करून, पाण्याचं बोट लावून, नखाने सोडवल्या. आतून मूळ कागद असा सुबक निघाला म्हणून सांगू! तो कापडावर ठेवला, टाचण्या लावल्या आणि खसाखस कापलं. तुझ्या सुपीक डोक्यात एव्हाना प्रकाश पडला असेल. माझ्या पडायला अजून तीन दिवस होते.

तीन दिवसांनी ड्रेस तयार झाला आणि मी तो डोक्यातून घातला. डोकं गेलं. हात वर गेले. मग सगळंच थांबलं. पुढेही जाईना, मागेही येईना. दोन्ही हात छताकडे, तोंडावर पिवळा अंधार, आणि बाकीची मी बाहेर. तशीच मी भिंतीला चाचपडत खोलीभर फिरले, एका खुर्चीला धडकले आणि तिची माफी मागितली. तेवढ्यात हे मोजणीच्या कामावरून परतले. दारात उभे राहिले असावेत. मग शांतपणे म्हणाले, ‘आत तूच आहेस ना?’

ह्यांनी मला कडेने उसवून बाहेर काढलं. बाहेर आल्यावर मी जी रडायला बसले ती थांबेचना. ड्रेससाठी नाही गं. मला वाटलं, तीन दिवसांत एवढी कशी सुटले? हे भूमापनवाले, त्यांना रडण्यावर काही बोलता येत नाही, म्हणून त्यांनी टेप आणली. एकेक माप तीन-तीनदा घेतलं, सरासरी काढली, वहीत लिहिलं. कंबर मोजताना पलीकडचं टोक हातात धरायला मलाच सांगितलं, ऑफिसात शिपायाला सांगतात तसं. मग टेबलावरच्या कागदाशी ताडून बघितलं आणि म्हणाले, ‘तुझ्यात काही चूक नाही. आमच्याकडे जागा आणि नकाशा जुळला नाही की जागा चुकली असं कुणी म्हणत नाही. नकाशा जुना असतो.’ आणि खाली पडलेल्या पट्ट्या गोळा करायला लागले, कारण ह्यांना कागद फेकवत नाही. पट्टी उलटी करून पाहतात तर मागे पेन्सिलीने तुझं अक्षर.

मावशी, मी त्या सगळ्या वाचल्या. ‘पहिलं बाळंतपण, दोन बोटं.’ ‘बस स्टँडची नोकरी, बैठं काम, एक बोट.’ ‘पाय मोडला, सहा महिने पडून, दीड बोट.’ लग्नपत्रिकेच्या पट्टीवर, ‘आई गेली. खात नाही म्हणते, पण वाढलीय. एक बोट.’ आणि जवळजवळ प्रत्येक पट्टीच्या शेवटी कंसात, ‘सांगायचं नाही.’ पंचवीस वर्षं तू मला नुसतं दारातून आत येताना बघून मोजत होतीस, आणि एका शब्दाने बोलली नाहीस. मला आधी तुझा रागच आला. वाटलं, हिनेच मला गडद रंगात गुंडाळून ठेवलं. मग आठवलं की ‘ढगळच शिव, काळंच घे’ हे दर वेळी मीच सांगायची. तू एकदा लाल कापडाचा तुकडा माझ्या खांद्याला लावून पाहिला होतास आणि मी तो झटकून टाकला होता.

तर ड्रेसला दोन्ही अंगांनी चांगलं वीतभर कापड कमी. उरलेलं पिवळं गळ्या-मुंढ्याच्या चुकांत गेलेलं, आणि दुकानात गेले तर पिवळा संपलेला. दुकानदार म्हणाला, ‘पडदा तोकडा पडला का?’ मी म्हटलं, ‘पडदा नाही, ड्रेस आहे. माझा.’ (तो गठ्ठ्यामागे काहीतरी शोधायला लागला तो मी दुकानाबाहेर पडेपर्यंत.) आता दुसरी कबुली. तू मागच्या वर्षी पाठवलेला गडद निळा ड्रेस मी कापला. त्याच्या दोन लांब पट्ट्या काढून काखेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंना घातल्या, ह्यांच्या वहीतल्या मापाने. कापताना तुझी शिवण उसवली तर आत दुमडलेल्या जादा कापडाची केवढी माया सोडून ठेवली होतीस तू! सगळी वापरली. आणि गंमत बघ, मधे पिवळं आणि बाजूंना निळं, तर मला चक्क कंबर आली. होती म्हणे आधीपासून.

ड्रेस घालून आरशासमोर उभी राहिले. आमचा आरसा तुला माहितीये, मी त्यात वर्षानुवर्षं फक्त गळ्यापर्यंत बघते. या वेळी दोन पावलं मागे सरकले. दंड मोकळे, जाडजूड, माझ्या आईचेच. मावशी, मला मी आवडले. हे लिहिताना कानशिलं तापली आहेत, पण आवडले.

असो. कटिंग आणि सगळ्या पट्ट्या सोबत परत पाठवते आहे, माफी असावी. पत्र तुझ्या गावच्या दुपारच्या गाडीच्या कंडक्टरकडे देते, म्हणजे संध्याकाळी तुझ्या हातात पडेल. मला कशाचीही गरज नाही, केवळ चोरी मनाला खात होती म्हणून लिहिलं. तब्येतीला जप.

तुझी
काडी

ता. क. वर डेपो मॅनेजरांना बाणेदारपणे सांगितल्याचं लिहिलंय, ते मी जिना उतरताना मनातल्या मनात सांगितलं. त्यांच्यासमोर मी ‘चालेल की, बघू’ म्हणाले होते आणि पाण्याबद्दल आभार मानले होते. तिकीट खिडकीवरच्या मुलीच्या ओठ हलवायच्या तीन तालमीही झाल्यात. बरी हलवते. हे खोडून नव्याने लिहिणार होते, पण कागद संपत आला.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करून निघाले होते, ते वाटेत मॅनेजरांच्या केबिनपाशी थांबले आणि आत शिरले. मोठ्याने म्हटलं, ‘मी स्वतः उभी राहणार.’ बावीस वर्षांत पहिल्यांदा आवाज कापला. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, ‘बरं. मग माईकची उंची तुमच्याप्रमाणे करून घ्यायला सांगतो.’ एवढंच. मी बाहेर येऊन जिन्यावर बसले. त्या मुलीने मला पाणी आणून दिलं आणि म्हणाली, ‘सुटले बाई एकदाची.’

ता. क. तिसरा. हे शुक्रवारपासून मोजणीला बाहेरगावी आहेत, आणि ड्रेसची चेन पाठीला आहे. हात पोचत नाही. (कुणाचाच पोचत नाही, सडपातळ बायकांकडेही चौकशी केली.) शनिवारी सकाळच्या पहिल्या गाडीत तुझी जागा धरून ठेवायला कंडक्टरला सांगितलंय, गुडघ्यांना त्रास नको म्हणून पुढची. मावशी, नाही म्हणू नकोस. चेन लाव, आणि मग माझ्या मागे थांबू नकोस, समोर येऊन बस. आतापर्यंत तू मला बघायचीस आणि मला कळू द्यायची नाहीस. शनिवारी मला कळेल असं बघ.