डाव्या बाजूची गोल गाठ

९ मार्च, दुपार

प्रिय ताई,

तू सुखरूप पोचलीस, पाय सुजले नाहीत, हे भावजींकडून कळलं. इकडे आम्ही मजेत. तू आवरून दिलेल्या कपाटात मला अजून एक वस्तू सापडत नाही. घर फार शांत आहे. कॅन्सरपायी दोन वर्षांपूर्वी तुझ्या जिभेचा तुकडा काढला, पण बोलणं तसूभर कमी झालं नाही हो तुझं!

फोन सोडून पत्र कसलं लिहितेस, म्हणशील. सांगते.

त्या सुट्टीच्या दिवशी तू माझी सोनोग्राफीची खोली बघायला आलीस. "दिवसभर काय बघत बसतेस ते दाखव तरी," म्हणत कॉटवर आडवी झालीस. जेल गार लागलं म्हणून ओरडलीस. मग त्या अर्धवट अंधारात तुझी मान स्क्रीनवर उमटली. करडी, मऊ, पाण्याखालून पाहिल्यासारखी. रक्तवाहिनी संथ उडत होती. मला वाटलं, इथेच बसून राहावं. मानेत सगळ्यांनाच बारक्या गाठी असतात, शेंगदाण्यासारख्या लांबट, मधे पांढरी रेघ. मी एकेक दाखवत होते, "ही चांगली. हीसुद्धा चांगली." तू म्हणालीस, "आपल्यापेक्षा गुणी दिसतात गं!"

मग डावीकडे, जबड्याखाली, एक गोल दिसली. मधली रेघ नव्हती.

आमच्या कामात पहिल्याच दिवशी शिकवतात, काहीही दिसलं तरी हात थांबवायचा नाही, आवाज बदलायचा नाही. सांगायचं ते डॉक्टर सांगतील. बावीस वर्षांत हे अंगात मुरलंय. मी त्याच सुरात तुला विचारलं, "माझा निळा स्वेटर कुठे ठेवलास?" आणि प्रोब पुढे सरकवला. फोटोसुद्धा साठवला नाही. म्हणाले, "सगळं स्वच्छ आहे, ऊठ." तू खूश होऊन माझा गालगुच्चा घेतलास.

तेव्हापासून डोळा लागला की मी त्या करड्या पाण्यात तरंगत असते आणि ती रेघ शोधते. कधी कधी सापडतेही. मग कितीतरी वेळ मी उठतच नाही.

काल भावजी म्हणाले, तू या महिन्याची तपासणी रद्द केलीस. "बहिणीनंच बघितलंय की, आता कशाला!" लगेच तुला फोन केला, आणि तोंडातून तोच कामाचा आवाज निघाला. हवापाण्याचं बोलून ठेवून दिला. म्हणून हे पत्र.

गोल दिसली म्हणजे कॅन्सर पसरलाच असं नाही, ताई. दाढ दुखली तरी गाठ सुजते. सुईने नमुना घेतल्याशिवाय कुणालाच कळणार नाही. पण तो घ्यायलाच हवा, आणि लवकर. आमच्या डॉक्टरीणबाईंना आज सकाळी सगळं सांगितलं. त्या मला नाही नाही ते बोलल्या, बरं वाटलं. गुरुवारी सकाळी दहाची वेळ दिली आहे. पत्र कुरियरने पाठवते, परवा हातात पडेल. भावजींना वाचायला दे आणि त्यांना घेऊनच ये.

माझ्यावर चीड, महिनाभर बोलू नकोस, पण ये. सगळं स्वच्छ नव्हतं, ताई. मला फार भीती वाटते.

नऊ दिवस गप्प बसलेली,
तुझी धाकटी