चौथा छर्रा

१० ऑक्टो. २००४, हिंगोली
रविवार. बाबांकडे. माळ्यावरून एअर रायफल काढली, आठ वर्षांनी. खोळ आईनं जुन्या सतरंजीची शिवलेली. आई गेली, टाके शाबूत.
परभणीला २८ नोव्हें.ला नेमबाजीची खुली स्पर्धा. यांना सांगितलं तर म्हणाले, "जा की, कोणी अडवलं?" बाबांना सांगायला मात्र तासभर लागला. "आतला वायसर वाळला असल," एवढंच बोलले.

१७ ऑक्टो.
अंगणात दहा मीटर मोजून मातीचं पोतं ठेवलं, त्यावर कागद. पाच छर्रे, पाच दिशांना. पूर्वी पाचही भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकायची.
बाबांनी कानानंच ओळखलं. एस.टी. वर्कशॉपात तीस वर्षं फिटर! "स्प्रिंग आतून हलून राहिली." सगळे भाग पेपरावर मांडले. कातड्याचा नवा वायसर कापून तेलात भिजत घातला. किती दिवसांनी त्यांना गुणगुणताना ऐकलं.

२४ ऑक्टो.
वायसर बसला. स्प्रिंगच्या आत नायलॉनची नळी, लेथवरून करून आणलेली. आता 'टण्ण' नाही, 'ठप्प'. लाकडी दस्त्याचे स्क्रू दर दहा छर्ऱ्यांनी सैल पडायचे, त्याखाली दातेरी चकत्या घातल्या.
दस्ता बाबांनी ९५ साली माझ्या मापानं कापला होता. सतरा वर्षांची काडी मी. आता बुडाला सागाचा तुकडा जोडला. मी नेम धरून उभी, बाबा पेन्सिल घेऊन. "श्वास सोड. आणखी सोड." तेव्हाही असंच. पहाटे सायकलच्या दांड्याला बंदूक बांधून मैदानावर न्यायचे, मी मागं बसून पेंगायची.
पाचही छर्रे नाण्याखाली! राहिला ट्रिगर.
"त्याला मी हात लावत न्हाई," म्हणाले अन् उठून गेले.

२५ ऑक्टो., सेनगाव
शाळेत शिकवायला येताना जीपमध्ये तेच डोक्यात. ९६, औरंगाबादची स्पर्धा. बाबांनी आदल्या दिवशी ट्रिगर हलका केलेला. तीन छर्रे मधोमध. चौथा नेम लागायच्या आधीच सुटला, काळ्या वर्तुळाबाहेर, पांढऱ्यात. मी सगळ्यांसमोर ओरडले, "तुमी कानस मारून बिघडवला!" ते हत्यारं पेटीत भरत राहिले.
मग लग्न, नोकरी, लेक. त्या दिवसाबद्दल दोघांत एक शब्द नाही.

३१ ऑक्टो.
म्हटलं, मीच उघडते, तुमी नुसतं सांगा. खाटेवर पाठ करून बसले. थोड्या वेळानं वळले. "डावीकडची पिन आधी. जोर न्हाई करायचा."
पिस्टनला अडवून धरणारा खटका हातात आला. बाबांनी भिंग पुढं केलं. त्याची कड नीट पाहिली. कानशीचा एक ओरखडा नाही; हलका केला होता तो नुसती ट्रिगरची स्प्रिंग ढिली करून. चौकोनी, शाबूत. अशी कड आपोआप निसटत नाही. म्हणजे तो छर्रा माझ्याच बोटानं...
"तुमी पाहिलं होतं हे? तवाच?"
"चहा ठेव," म्हणाले.
चहा ठेवला. साखर टाकली का नाही, आठवत नाही. त्यांनी तसाच पिला.

२१ नोव्हें.
ट्रिगर मीच जोडला. दिवाळीची सुट्टी सगळी सरावात. हात आवळला की छर्रा वर जातो. बाबा: "लेकरू धरल्यावानी धर. आवळू नको, सोडू बी नको." सांगायचं आज ठरवलं होतं. जमलं नाही.

२८ नोव्हें., परभणीहून परत
अकरावी आले. फायनल आठ जणींची. रडू आलं नाही. बाबा मागच्या बाकावर चाळीसही छर्रे होईस्तोवर बसून होते.
स्टँडवर भजी खाताना बोलले एकदाची. "बाबा, औरंगाबादचा तो चौथा छर्रा. माझं बोट चुकलं होतं. तुमचा ट्रिगर बराबर होता."
बाबांच्या हातातलं भजं तसंच राहिलं. "कोणता छर्रा?"
मी पुढं बोलू लागले तर म्हणाले, "चल, गाडी लागली."
खरंच विसरले? का मला सोडवून राहिले? वसमतपर्यंत खिडकीबाहेर पाहत होते. औंढ्याला गाडी थांबली तेव्हा आपणहून म्हणाले, "ट्रिगर अजून जड हाये तुझा."
"मग तुमी करता का?"
गाडी सुटली. काहीतरी म्हणाले ते, पण इंजिनाच्या आवाजात "रविवारी ये" एवढंच ऐकू आलं.