बियाण्याला लावलेली माती

माय, आज वर्गात मी मुलींना हरभऱ्याचं एक झाड मुळासकट उपटून दाखवलं. मुळांवर बारीक गुलाबी गाठी होत्या. गुलबर्ग्याच्या या शाळेत सरकारी हुकमानं पुस्तक उर्दूतलं, समजावायचं मराठीत आणि कानडीत. दुपारपर्यंत घसा बसतो. पुस्तक म्हणतं, या गाठींत डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात, ते हवेतून पिकाला खत पुरवतात. ज्या रानात हरभरा कधी झालाच नाही तिथे ते नसतात. म्हणून जुन्या रानातली माती बियाण्याला लावून पेरावं. हे वाचताना मला लहानपणीची ती पेरणी आठवली.

भालकीकडचं ते पड रान अप्पांनी नुकतंच घेतलंय, उद्या पेरणी आहे. तू ओढ्याकाठच्या जुन्या रानातली माती आणून, ओलवून, बियाण्याला चोळतेस आणि भाकरी थापायला आत जातेस. मी बारा वर्षांची, घरातली शाळेत गेलेली पहिली. स्वच्छतेचा धडा नुकताच झालेला. मी सगळं बियाणं दोन पाण्यांनी धुऊन फडक्यावर पसरते. तुला बरं वाटेल, असं मला वाटतं. सकाळी बैल जुंपल्यावर तू मूठ उघडून बघितलीस, मग माझ्याकडे बघितलंस, आणि तशीच तिफणीमागे चालू लागलीस.

हरभरा पिवळा पडला. अप्पा बांधावर म्हणाले, "बियाला माती लावलीस का न्हाई?"

"इसरले बगा."

"जेवायला इसरत न्हाईस ते. आता बियाला हात लावू नकोस."

बियाणं काकूकडे गेलं ते गेलंच. घरात तुला विचारून होणारं तेवढं एकच काम होतं. खरं सांगितलं तर अप्पा माझी शाळा बंद करतील, या भीतीनं मी गप्प राहिले. एकदा चुलीपाशी येऊन सांगायला लागले, तर तू म्हणालीस, "अभ्यास कर जा, अक्का. झालं ते झालं." त्यानंतर तीनच सुगी तू जगलीस. तीनही वेळा काकू बियाणं निवडायची आणि तू लांबून बघायचीस.

आज मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, आमची माय अशीच माती चोळती की. तिला कुणी शिकवलं?" तुझ्याबद्दल सांगायची हीच वेळ होती. मी म्हणाले, "पुस्तकात आहे तेवढं लिहून घे."

तिनं लिहून घेतलं. तिची वही अजून तपासायची आहे. तुला लिहिलेला हा कागद त्या वहीखाली ठेवते आहे.