दहा वर्षं कमी

१२ सप्टेंबर, गुरुवार

धाकटे,

वर आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे ठरेना, त्यात दोन कागद फुकट गेले. तू बरी असशील, तुझ्या घरचेही बरे असतील. तेरा वर्षांनी माझं अक्षर पाहून आधी पाकीट उलटंसुलटं केलं असशील. कोणी गेलेलं नाही. वाच.

मी अजून त्याच बाइंडिंगच्या कारखान्यात आहे, फर्मे दुमडायच्या टेबलावर. एकेका मोठ्या कागदावर सोळा पानं छापून येतात, ती दुमडून क्रमात बसवायची. चौथीत शाळा सुटली होती, वाचायला खरी शिकले ती या टेबलावर. त्यामुळे कितीतरी गोष्टींचा शेवट मला आधी कळला आणि सुरुवात नंतर. हे पत्रही तसंच होणार असं दिसतंय. समोरच्या कटिंग मशीनवर ह्यांच्या जागी आता दुसरा माणूस आहे. चांगला आहे बिचारा. नऊ वर्षं झाली ह्यांना जाऊन, तरी दुपारी मशीन थांबलं की डबा उघडताना मी अजून शेजारी जागा करते.

हे गेले तेव्हा तुझं दोन ओळींचं पत्र आलं होतं. मी उत्तर दिलं नाही.

मुलगी आठवीत आहे. तिला आम्ही मुंगी म्हणतो, कारण लहानपणापासून सारखी काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असते. उंच झाली आहे. बोलायला तुझ्यासारखी, म्हणजे तोंडाला लगाम नाही.

उशिरा आई होण्यातलं बरंवाईट तू त्या वेळी मला तुझ्या दारात उभं करून ऐकवलं होतंस. आता मी अनुभवानं सांगते. चव्वेचाळिसाव्या वर्षी मूल झालं की माणूस त्याच्यावर उगाच ओरडत नाही. मला कुठे जायचं राहिलेलं नव्हतं, कुणाला काही दाखवून द्यायचं नव्हतं. तिनं ओल्या खळीत हात घालून सगळा दरवाजा चिकट केला, मी बसून बघत राहिले. पंचविशीत मी तिला धपाटा घातला असता. एकच गोष्ट तिला रोज वाचून दाखवली तरी मला कंटाळा येत नसे. हे सुख मला मिळालं, आणि लवकर मिळालं असतं तर मला ते ओळखता आलं नसतं.

आता दुसरी बाजू. गुडघे. इतर आया मुलांमागे पळायच्या, मी बाकावरून हाका मारायची. आणि मनातल्या मनात चाललेली बेरीज, ती दहावीला असेल तेव्हा मी किती, तिला पहिली नोकरी लागेल तेव्हा किती. ही बेरीज भाजी चिरताना चालते, रस्ता ओलांडताना चालते. थांबत नाही.

हे गेले त्याच वर्षी तिला शाळेत घातलं. पहिल्याच दिवशी फाटकातल्या बाईनं मला अडवलं, आजी, आत फक्त आईवडिलांना सोडतात. त्या रात्री मुंगीनं विचारलं की म्हातारी माणसं बाबांसारखी अचानक जातात का, आणि तू म्हातारी आहेस का. चार वर्षांचं पोर, गादीवर बसून माझ्या पदराचं टोक धरून विचारत होतं. मी म्हटलं, छे गं, मी तर अडतीसची. तेव्हा मी अठ्ठेचाळीसची होते. शाळेत तेच लिहिलं. दर पंधरवड्याला केस काळे करायला लागले. तिला झोप लागायला लागली.

आता मी सत्तेचाळीसची आहे. म्हणजे तिच्यासाठी. आणि तू आहेस एकोणपन्नासची. थोरली बहीण धाकटीपेक्षा लहान कशी असेल? म्हणून मी तुलाच काढून टाकलं. मला बहीण आहे हे मुंगीला ठाऊक नाही.

लिहून टाकलं. आता जे खरं सांगायचं ते. माझ्या पित्ताशयात खडे आहेत, सोमवारी ऑपरेशन आहे. काल नर्सनं फॉर्म भरताना वय विचारलं, मुंगी शेजारी बसली होती, आणि माझ्या तोंडून सत्तेचाळीस गेलं. बाहेर पाटीवर वाचलं की पंचावन्नच्या पुढच्यांची भूल देण्याआधी हृदयाची वेगळी तपासणी होते. माझी ठरलेली नाही. कारखान्याच्या जिन्यात मला दोनदा थांबावं लागतं. आपली आई अठ्ठावन्नाव्या वर्षी कशानं गेली ते मी तुला सांगायला नको.

फॉर्म बदलायचा तर मुंगीला कळणार. नाही बदलला तर सोमवार आहेच. मला सोमवारची जेवढी भीती वाटते, त्याहून तिच्या तोंडाकडे बघायची जास्त वाटते. असं कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

शनिवार, दुपार

काल शाळेतून आल्यावर तिला समोर बसवलं आणि सांगितलं की मी सत्तावन्न वर्षांची आहे. तिला थट्टा वाटली. मग माझं तोंड बघून तिनं विचारलं, शाळेच्या फॉर्मवरचं? मी म्हटलं, खोटं. दवाखान्यातलं? तेही.

ती उठून उभी राहिली. ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "तू टेबलावर मेली असतीस, आणि का मेलीस ते मला जन्मात कळलं नसतं."

मोरीत जाऊन दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं आतूनच आवाज आला, "अजून काय काय लपवलंयस?"

"एक मावशी," मी म्हटलं.

दार उघडलं. डोळे सुजलेले. "मावशी? आई, मावशी कोणी लपवतं का?"

मग तिनं विचारलं की तुमचं भांडण कशावरून झालं. मी सांगितलं की मावशी म्हणाली होती, या वयात मूल नको, उद्या ते माझ्या गळ्यात पडेल. एवढंच सांगितलं असतं तर चाललं असतं, इतकी वर्षं मी स्वतःलाही तेवढंच सांगत आले. पण कालचा दिवस खोटं बोलण्याचा नव्हता. म्हणून पुढचंही सांगितलं. तुझं दुसऱ्यांदा पोट पडून सहा महिनेही झाले नव्हते, आणि मी तुला म्हणाले, तुझी कूस रिकामी म्हणून माझी भरलेली तुला बघवत नाही. मुंगी माझ्यापासून जरा सरकून बसली. तिचं बरोबर होतं.

आज सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. रस्ताभर ती दुसऱ्या कडेनं चालली. पण खिडकीशी मी अडखळले तेव्हा तीच पुढे झाली, "आईचं वय चुकून दहानं कमी लागलंय." नर्सनं चष्म्यावरून बघितलं, "चुकून?" तर म्हणते, "हो. आमच्या घरात सगळ्यांचं गणित कच्चं आहे."

सोमवार रद्द झाला. मंगळवारी हृदयाची तपासणी, त्यात काय निघतं त्यावर पुढचं. चांगलं निघेल असं मी तुला लिहीत नाही, मला माहीत नाही.

नव्या फॉर्मवर एक रकाना आहे, मला काही झालं तर मुलीची जबाबदारी कोणाची. मुंगी म्हणाली, मावशीचं नाव लिही. मी म्हटलं, न विचारता असं कुणाचं नाव घालत नाहीत. "मग विचार," ती म्हणाली.

म्हणून विचारते. त्या दारात तू जे म्हणाली होतीस तेच मी आज मागते आहे, हे मला कळतं. मी जे म्हणाले ते परत घेता येत नाही, तेही कळतं. माझ्यावरचा राग ठेव, तो तुझ्या हक्काचा आहे. नाही म्हणायचं असेल तर सरळ म्हण. पण उत्तर तिला लिही, मला नको. तिला कोणी खोटं सांगावं असं आता मला वाटत नाही, आणि तू कधी सांगितलं नाहीस.

रकाना कोरा ठेवला आहे.

कालपासून पुन्हा तुझी
थोरली