वरचा खटका सुटेपर्यंत

बाबा, तुमचा बेंजो वाळवीनं खाल्ला, हे आधी सांगून टाकतो. आईनं तो गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. दिवाळीत खाली काढला तर गोधडी शाबूत, आणि आत नुसता भुसा, तारा अन् गंजलेले खटके. आई म्हणाली, "पाय, वाळवीलेही गाण्याचा शौक राह्यते," आणि हसायलाच लागली. धाकटी मात्र हसली नाही. तिचं लग्न ठरलंय. मुलगा मुकुटबनचा, ट्रॅक्टर दुरुस्त करतो, बोलतो कमी, जेवतो भरपूर, म्हणून आईला पसंत. धाकटी त्या भुशाकडे बघत म्हणाली, "मले डीजे नोको. माह्या मांडवात बाबाचाच बेंजो वाजला पाह्यजे." मी छाती काढून बोलून गेलो, की वाजवतो ना, कॉम्प्युटरवर बनवतो. तेव्हा आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की तुम्ही असता तर चहा टाकून उठून गेला असता. "तुह्या बाबाचा वाजला तरच लावजो. दुसऱ्या कोणाचा वाजला तर मी मांडवातून उठून जाईन. आधी मले ऐकवजो."

मी हैदराबादेत आहे, तिथंच. आठवीत शाळा सोडली तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "याचं बूड एका जागी टिकत नाही, हा कंडक्टर होईन." झालो नाही. हॉटेल झालं, पेंटिंग झालं, लिफ्ट बसवणं झालं, आणि आता पाच वर्षं एकाच दुकानात बिघडलेले कीबोर्ड दुरुस्त करतो. दुरुस्त झालेला रोज वाजवून बघावा लागतो, म्हणून बोटं थोडी फिरतात. प्रोग्राम लिहायला मोबाइलवर बघून बघून शिकलो. त्यातलं इंग्रजी अर्धं कळतं, पण चूक झाली की मशीन लगेच सांगतं, तुमच्यासारखंच.

तुमचा बेंजो डोळ्यापुढं आणतो तेव्हा आधी दिग्रसचं जिनिंग आठवतं. हंगामात तुम्ही तिथून येता, केसांत कापूस, आणि लग्नाची ऑर्डर असली की तसेच बँडच्या गाडीत चढता. डाव्या हाताची बोटं टाइपरायटरसारख्या खटक्यांवर, उजव्या हातात तार छेडायची नखी. अंगावरचा कापूस झटकायचं राहून जातं, आणि लोक म्हणतात, "आला म्हातारा!" तेव्हा तुम्ही चाळिशीचेही नव्हता.

आणि मग मारेगावचं लग्न. वरात निघाली होती, तुम्हाला पाणी प्यायचं होतं, आणि तुम्ही बेंजो माझ्या गळ्यात घातला. "एक मुखडा सांभाळ." मी चौदा वर्षांचा, मला काय, मी सुटलोच. एकेक खटका दाबायचा, उचलायचा, दुसरा दाबायचा, आणि दर खटक्याला नखी हाणायची. नवरदेवाच्या घोड्यानं मान झटकली. कोणीतरी ओरडलं, "बेंजो हाय का शिलाई मशीन?" तुम्ही तसेच ओल्या मिशांनी परत आलात आणि नखी माझ्या बोटांवर मारली. "बोट काहून उचलतं बे? खालचं ठेवून दे. वरचा खटका सुटेपर्यंत त्यानं वाट पाह्याची." मला राग आला होता. वाट बघणं मला कधी जमलंच नाही, आणि ते सगळ्या वरातीसमोर सांगायची काय गरज होती?

ते वाक्य या दोन महिन्यांत मला परत भेटलं. कसं ते सांगतो. बेंजोत एका वेळी एकच सूर. दुकानातला एक कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडून तसाच एकसुरी बेंजो मी प्रोग्राममध्ये बनवला. पहिल्यांदा लिहिलं: पट्टी दाबली की वाजव, सोडली की थांब. सा दाबून ठेवला, वर रे मारला, रे सोडला, आणि सगळं गप! बोट अजून सा वर होतं, पण प्रोग्राम ते विसरून गेलेला. मग त्याला यादी ठेवायला शिकवलं, कोणकोणत्या पट्ट्या अजून दाबलेल्या आहेत त्याची. आता प्रश्न असा, की तीन पट्ट्या दाबलेल्या आणि आवाज एक, तर ऐकायचं कोणाचं? मी ठरवलं, जी शेवटी दाबली तिचं. आणि दर पट्टीला नखी मारल्यासारखा नवा ठोका. मला ते फार बरोबर वाटलं. रविवारी सकाळी आईला फोन लावून ऐकवलं.

आई स्वयंपाकघरात होती, भाकरी थापल्याचा आवाज येत होता. पूर्ण ऐकून म्हणाली, "कोंबडी दाणे टिपून राह्यली का?"

"आई, सूर बरोबर हायेत सगळे."

"सूर हायेत रे. पण तुह्ये बाबा असे धावत नव्हते. हे तू वाजवून राह्यला. डीजेवाल्याले सांगून ठेव."

मागून धाकटी, "आई, थोडं तरी चांगलं म्हण ना वं!"

"लग्न तुह्यं हाय म्हून खोटं बोलू का?"

फोन ठेवला आणि दोन दिवस प्रोग्राम उघडलाच नाही. पण धाकटीचा आवाज जात नव्हता डोक्यातून. मग पिशवीतून तुमचे दोन गंजके खटके काढले (भुशातून चार उचलून आणले होते), दुकानातली एक फळी घेतली, एक तार ताणली, आणि ते दोन्ही तारेवर बसवले. मालक म्हणाला, "क्या रे यवतमाल, नया सितार बना रहा क्या?" मी वरचा, म्हणजे चढ्या सुराचा, खटका दाबला, तार छेडली. तो धरूनच खालचा दाबला. काही बदललं नाही, तार वरच्याचंच ऐकत राहिली. मग वरचा सोडला, आणि खालचा सूर आपोआप आला, नखीशिवाय, मऊ, जसं कोणी गाता गाता खाली बसावं. बाबा, मी दुकानात एकटाच हसलो. तुमचं खालचं बोट आधीच जागेवर जाऊन बसलेलं असायचं आणि त्याचा पत्ता कोणाला लागायचा नाही. माझ्या प्रोग्राममध्ये मात्र ते जागेवर पोचल्या पोचल्याच ओरडत होतं.

मग दोन गोष्टी बदलल्या. एक, शेवटच्या पट्टीचं नाही, सगळ्यांत वरच्या पट्टीचं ऐकायचं. ती सुटली की यादीत तिच्याखालची. दोन, पट्टी दाबली म्हणून ठोका द्यायचा नाही. डाव्या टोकाची एक पट्टी वेगळी काढली, तिचं नाव ठेवलं नखी. तिनं मारलं तरच ठोका, नाहीतर सूर नुसता सरकतो. हात उलटे झाले, नखी डाव्या हाताला गेली, पण तुमची ती 'दा-रा-दा-रा' ठोक्यांत फिरणारी सुरांची जागा आता येते. पट्ट्या धरून ठेवायच्या आणि नखी हाणत राहायची. एक "टक्" असा आवाज राहिला होता, कारण दर ठोक्याला मी सुराचा आवाज शून्यातून उठवत होतो. तो आहे तिथूनच उठवला, टक् गेलं.

गेल्या रविवारी परत फोन केला. बोट उचलायचं नाही, उचलायचं नाही, असं स्वतःला बजावत तोच मारेगावचा मुखडा वाजवला. संपला.

"आई?"

"थांब." तव्यावर उलथनं खरवडल्याचा आवाज आला. "भाकर जळली."

बाबा, तुम्हाला ठाऊक आहे, त्या बाईनं आयुष्यात भाकर जाळलेली नाही. धाकटी मागून ओरडली, "धूर झाला इथं सगळा! दादा, डीजे कॅन्सल!" आणि आई तिलाच, "ओरडू नोको, त्याले अजून एकदा वाजवू दे."

उद्याची गाडी आहे. हे सगळं प्रोग्रामच्याच फाइलीत लिहून राहिलोय. ओळीच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा मारल्या की पुढचं कॉम्प्युटर वाचत नाही, बेंजो आपला वाजत राहतो. म्हणून इथं एक गोष्ट लिहून टाकतो. मी घर सोडून निघालो त्या दिवशी दिग्रसच्या स्टँडवर, एसटी हलल्यावर, तुम्ही खिडकीतून माझ्या मुठीत तुमची नखी कोंबली होती. लाल, प्लास्टिकच्या बादलीच्या काठातून कापलेली, फरशीवर घासून गोल केलेली. ती मी पहिल्याच महिन्यात हरवली. पँटच्या खिशात राहिली आणि धुण्यात गेली. तुम्ही होतात तोवर दर फोनवर विचारायचात, "नखी हाय ना?" मी म्हणायचो, "हाय." एकदा विचारलं, "घासली असन आता?" मी म्हणालो, "थोडीशी." प्रोग्राममध्ये जो ठोका ऐकू येतो, तो मी घरमालकिणीच्या लाल बादलीचा काठ कापून केलेली नवी नखी फळीवरच्या तारेवर मारून रेकॉर्ड केलाय. एक ठोका मनासारखा यावा म्हणून इतक्या वेळा मारलं, की ही मात्र आता खरंच थोडीशी घासली आहे.