पावणेचारचा गिअर

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. दवाखाना चालू आहे, लोकांचे दात पडताहेत, माझं बरं चाललंय. आणि जुन्या गाडीत नवं इंजिन एकदाचं बसलं! आकार बघून शेजारच्या काकांनी विचारलं, बोट बनवतोयस का.

आता एक बातमी जरा दबक्या आवाजात. इंजिनासाठी बायकोची छोटी गाडी विकली. तिला शब्द दिलाय की हीच गाडी रोजची, हीच शर्यतीची, आणि हिच्यातूनच तिला माहेरी नेईन. सासूबाईंचा हात प्लास्टरमध्ये आहे, त्यामुळे तिचा जीव तिकडे लागलाय.

एप्रिलमध्ये जुन्या धावपट्टीवर शर्यत आहे. चौकातल्या चष्मेवाल्याने भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर मला आव्हान दिलं. तू गिअरबॉक्सचं वर्कशॉप चालवतेस, तेव्हा तूच सांग: मागच्या ॲक्सलला गिअर कोणता आणि टॉर्क कन्व्हर्टर कोणता? मला साडेचारचा गिअर हवाय. बायको म्हणते, गाडीत बोललेलं एकमेकांना ऐकू आलं तरी पुरे.

रागावू नकोस, माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

१५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. आ.

पत्र वाचताना हसत होते, विकलेल्या गाडीपाशी आले आणि हसू गेलं. असो. झालं ते झालं.

साडेचारचा गिअर म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे साडेचार फेरे. सुटताना गाडी उडी मारते, पण हायवेवर इंजिन बोंबलत राहतं. पावणेतीनचा त्याच्या उलट: हायवेवर शहाणा, सुटताना आळशी. तू पावणेचारचा बसव.

कन्व्हर्टर म्हणजे तेलात समोरासमोर ठेवलेले दोन पंखे. एक इंजिन फिरवतं, त्याच्या तेलाच्या झोताने दुसरा फिरतो. इंजिनाचे फेरे कमी असले की तेल नुसतं घुसळलं जातं; वाढले की पकड येते. शर्यतवाले उशिरा पकडणारा घेतात, म्हणजे इंजिन जोरात आल्यावरच गाडी सुटते. पण हायवेवर तुझं इंजिन त्या फेऱ्यांच्या खालीच चालत राहिलं, तर तेल उकळेल. पावणेचारच्या गिअरला मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांवर पकडणारा कन्व्हर्टर घे. दोन्ही एकमेकांकडे बघून निवडायचे असतात. वरची कवळी एकाची आणि खालची दुसऱ्याची, असं करतोस का तू?

वहिनीला माझी आठवण सांग, आणि तिच्या पुढ्यात मान खाली घालून बस.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझं ऐकलं. म्हणजे, बरंचसं. चष्मेवाल्याने चार हजार फेऱ्यांचा कन्व्हर्टर टाकल्याचं कळलं, मग मला अडीच हजारांचा आणायला लाज वाटली. मीही चार हजारांचाच आणला. आणि बायकोसाठी पावणेतीनचा गिअर, हायवेवर अगदी शांत! एक तिच्या मनासारखं, एक माझ्या. कोणाचं मन मोडलं नाही.

सिग्नल सुटला की इंजिन डरकाळ्या फोडतं आणि गाडी जागची हलत नाही. मागचे हॉर्न वाजवतात. मग ती एकदम झेपावते. काल बायकोची पर्स मागच्या काचेवर जाऊन आपटली. सवय होईल, असं मी तिला म्हटलं. तिने पर्स उचलून मांडीवर घट्ट धरली, म्हणजे पटलं असावं. उद्या सासूबाईंकडे निघतोय.

आशीर्वाद असाच राहो.
धाकटा

१३ मार्च

ती. वन्संना सौ. वहिनीचा सा. न. वि. वि.

हे पत्र माहेरून लिहिते आहे. गाडी शांत चालली होती, हे खरं. घाटाआधी जळका वास आला. ह्यांनी तो शेतातला असल्याचं सांगितलं. मग खालून धूर आला, तेव्हा शेत संपलं होतं. तेल उकळून रस्त्यावर सांडलं आणि गाडी थांबली ती थांबलीच.

मी दुधाच्या टँकरला हात केला. ड्रायव्हरने विचारलं, साहेब येताहेत का. मी म्हटलं, साहेबांना गाडी सोडवत नाही. हे उन्हात बॉनेटला टेकून उभे होते, आणि वन्सं, मला हसू येत होतं नि रडूही. माझी गाडी असती तर मी स्वतःची स्वतः आले असते, एवढंच सारखं मनात येत होतं.

आईची वेणी घालून देते रोज. परतायची घाई नाही, असं ह्यांना कळवलंय.

आपली माया आहे, ती राहू द्यावी.
आपली वहिनी

१८ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद नंतर. दोघांचं मन राखायला गेलास आणि दोघांनाही रस्त्यावर आणलंस. मी शनिवारी येते, गिअर आणि कन्व्हर्टर माझ्या निवडीचे आणते. तू फक्त पाने हातात द्यायचे. चष्मेवाल्याचं नाव काढलंस तर तशीच परत फिरेन.

ताई

२६ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तू बसवून दिलेली जोडी अप्रतिम. सासूबाईंकडे जाऊन पाया पडलो, बायकोला घेऊन आलो. येताना गाडी तिनेच चालवली. घरी पोचल्यावर किल्ली मला दिली नाही, स्वतःच्या पर्समध्ये टाकली. तेव्हापासून तिथेच असते. मी मागून घेतो.

शर्यत हरलो. फार नाही, बंपरभर. चष्मेवाल्याने हात मिळवला आणि त्याची गाडी दोराने ओढत ट्रेलरवर चढवली, कारण ती रस्त्यावर चालतच नाही. आम्ही मात्र धावपट्टीवरूनच थेट सासूबाईंकडे निघालो. लांबलेलं प्लास्टर आज एकदाचं काढायचं होतं.

हायवेला लागलो तेव्हा मी बायकोला समजावत होतो की सुटताना जरा आधी दाबलं असतं तर जिंकलो असतो. बघतो तर ती काचेला डोकं टेकवून गाढ झोपलेली. ताई, माझ्या गाडीत ती झोपली!

मग मी पायाचा भार अगदी कमी केला. मागून शाळेची बस आली. पोरं खिडकीतून वाकुल्या दाखवत, आरडाओरडा करत पुढे निघून गेली. मी जाऊ दिली.

तुझा लोभ आम्हा दोघांवर सारखाच असू दे, तिच्यावर कणभर जास्त चालेल.
तुझा धाकटा